सिटी कॉलेजचा बास्केटबॉल संघ : एका शोकांतिकेचे फेरवाचन

१

शोकांतिका शिकवताना वर्गात एक अडचण दरवर्षी नव्याने उभी राहते. अ‍ॅरिस्टॉटलची 'हॅमार्शिया' ही संकल्पना सांगून झाली, की विद्यार्थी तिचे भाषांतर 'नायकाचा दोष' असे करतात आणि मोकळे होतात. मग प्रत्येक नाटकातून दोष शोधून काढण्याचा उद्योग सुरू होतो. 'एकच प्याला'तल्या सुधाकराचा दोष कोणता, तर दारू. उत्तरपत्रिकेत एवढे लिहिले की गुण मिळतात. पण त्या प्याल्याच्या आधी न्यायालयातला तो अपमान आहे, काही काळापुरती काढून घेतलेली वकिलीची सनद आहे, याची आठवण फार थोड्यांना राहते. प्याला लक्षात राहतो, सनद विस्मरणात जाते.

ही सवय साहित्याच्या वर्गापुरती राहिली असती तर तिची फारशी चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु इतिहाससुद्धा आपण पुष्कळदा याच साच्यात वाचतो. एखाद्या संस्थेचा किंवा माणसांच्या समूहाचा उत्कर्ष आणि ऱ्हास सांगायचा झाला, की 'शोकांतिका' हा शब्द लेखणीतून आपोआप उतरतो. आणि तो एकदा उतरला की दोषाचा शोध नायकापाशी येऊन थांबतो. प्रस्तुत लेखात अशाच एका इतिहासाचे फेरवाचन करावयाचे आहे. तो आहे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा. या संघाने १९५० साली एकाच हंगामात देशातल्या दोन्ही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. असा पराक्रम त्याआधी कुणाला जमला नव्हता आणि त्यानंतरही जमलेला नाही. त्यानंतर वर्षही पुरे होण्याच्या आत त्याच संघातले खेळाडू लाचखोरीच्या आरोपाखाली पोलिसांच्या ताब्यात होते.

२

हे कॉलेज मुळात कसले होते, हे समजल्याशिवाय या संघाचे मोल कळणार नाही. १८४७ साली न्यूयॉर्क शहरातील मतदारांनी कौल दिला आणि 'फ्री अकॅडमी' नावाची संस्था स्थापन झाली. टाउनसेंड हॅरिस हे तिचे प्रवर्तक. श्रीमंतांच्या आणि गरिबांच्या मुलांनी एकाच बाकावर बसून शिकावे, आणि त्यासाठी एक पैसाही फी पडू नये, ही त्यामागची कल्पना. पुढे तिलाच सिटी कॉलेज हे नाव मिळाले. १९०७ साली कॉलेज हार्लेमच्या पश्चिमेकडील टेकडीवर, गॉथिक शैलीच्या नव्या इमारतींत गेले. शहराच्या भुयारी रेल्वेसाठी खोदकाम चालू होते. त्यातून निघालेला काळसर दगड या इमारतींना वापरला गेला. शहराच्या पोटातून निघालेल्या दगडाचे हे कॉलेज होते, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा ठरणार नाही.

मराठी वाचकाला हा परिसर अगदीच परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते याच भागात, सिटी कॉलेजपासून साधारण मैलभर दक्षिणेला आहे. दोन संस्थांमधले अंतर चालत जाण्याजोगे होते. सामाजिक अंतर मात्र मोठे होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील अनेक नामवंत विद्यापीठे ज्यू विद्यार्थ्यांची संख्या ठरवून मर्यादित ठेवीत असत. पूर्व युरोपातून आलेल्या शिंप्यांच्या, फेरीवाल्यांच्या, कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांना फी परवडत नव्हती, आणि परवडली असती तरी दार उघडेलच याची खात्री नव्हती. त्यांच्यासाठी सिटी कॉलेज होते. समीक्षक आल्फ्रेड काझिन आणि अर्व्हिंग हाउ, कादंबरीकार बर्नार्ड मॅलमड, समाजशास्त्रज्ञ डॅनियल बेल, पोलिओची लस शोधणारे जोनास सॉल्क ही सारी मंडळी याच कॉलेजची. तिसाव्या दशकाच्या अखेरीस तिथल्या उपाहारगृहाच्या कोनाड्यांत स्टॅलिनवादी आणि स्टॅलिनविरोधी विद्यार्थ्यांचे तासन्‌तास जे वाद चालत, त्यांच्या हकिकती अमेरिकेच्या वैचारिक इतिहासात दंतकथेसारख्या सांगितल्या जातात.

या कॉलेजात खेळाडूंसाठी वेगळी शिष्यवृत्ती नव्हती. खेळणाऱ्या मुलानेही इतरांसारखेच गुण मिळवून प्रवेश घ्यायचा, अशी रीत होती. निदान तसे मानले जात होते. हे 'निदान' पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

३

बास्केटबॉल हा खेळ तसा अलीकडचा. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून तो योजला आणि पीचची फळे ठेवण्याच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या. खेळाला मैदान लागत नव्हते, महागडे साहित्य लागत नव्हते. त्यामुळे दाट वस्तीच्या शहरात तो झपाट्याने रुजला. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या ज्यू वस्तीत समाजसेवी केंद्रांच्या छोट्या व्यायामशाळांतून मुले तो खेळू लागली. जागा कमी, छत बुटके. म्हणून चेंडू उंच फेकण्यापेक्षा तो भराभर एकमेकांकडे देणे आणि मोकळ्या जागेकडे धावणे, अशी एक शैली तिथे तयार झाली.

नॅट होल्मन हे त्याच वस्तीचे अपत्य. जन्म १८९६ चा, आईवडील रशियातून आलेले. 'ओरिजिनल सेल्टिक्स' या त्या काळच्या अतिशय गाजलेल्या व्यावसायिक संघाचे ते आघाडीचे खेळाडू होते आणि १९१९ पासून सिटी कॉलेजचे प्रशिक्षकही होते. रुबाबदार राहणी, घासूनपुसून घेतलेले उच्चार आणि 'मिस्टर बास्केटबॉल' ही बिरुदावली. खेळाडूंना त्यांचा धाक वाटे. जवळीक वाटे ती त्यांचे साहाय्यक बॉबी सँड यांच्याविषयी. मुले हेरून आणणे, त्यांना समजून घेणे, सरावातल्या योजना आखणे ही बरीचशी कामे सँड करीत.

१९४९-५० च्या संघात इर्विन डॅम्ब्रॉट हा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होता. त्याच्या जोडीला एड रोमन, एड वॉर्नर, अल रॉथ आणि फ्लॉइड लेन ही दुसऱ्या वर्षाची चार मुले. नॉर्म मॅगर, हर्ब कोहेन, जो गॅलिबर, लीरॉय वॉटकिन्स हे राखीव फळीतले. यांतले काही ज्यू होते, काही कृष्णवर्णीय. वॉर्नर हार्लेममध्ये वाढलेला अनाथ मुलगा. रोमन आणि लेन ब्राँक्सचे. या गोष्टीचे महत्त्व आज सहजासहजी लक्षात येत नाही. त्या हंगामात एन.बी.ए. या व्यावसायिक संघटनेच्या एकाही संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ज्यांना त्या देशात 'आपले' म्हणायला बहुसंख्य समाज नाखूष होता, अशा दोन समूहांची ही मुले एका फुकट शिकवणाऱ्या कॉलेजसाठी एकत्र खेळत होती.

४

मार्च १९५० मध्ये हा संघ 'नॅशनल इन्व्हिटेशन टुर्नामेंट'मध्ये उतरला, तेव्हा त्याच्याकडून कुणाची फारशी अपेक्षा नव्हती. राष्ट्रीय क्रमवारीत त्याचे नाव नव्हते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने आधी सॅन फ्रान्सिस्कोला हरवले आणि मग गाठ पडली केंटकीशी. अ‍ॅडॉल्फ रप यांचा हा संघ १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेता ठरलेला होता, आणि त्यात सगळे खेळाडू गोरे होते. सिटी कॉलेजने तो सामना ८९-५० असा जिंकला. एकोणचाळीस गुणांचा हा पराभव रप यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा पराभव. त्यानंतर ड्युकेन आणि अंतिम सामन्यात क्रमवारीत पहिला असलेला ब्रॅडली विद्यापीठाचा संघ, हेही हरले. अंतिम सामन्यातली गुणसंख्या होती ६९-६१. वॉर्नर स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

दहा दिवसांनी, २८ मार्चला, एन.सी.ए.ए. या दुसऱ्या स्पर्धेचा अंतिम सामना त्याच गार्डनमध्ये झाला आणि समोर पुन्हा ब्रॅडलीच होता. शेवटच्या क्षणी सिटी कॉलेजची आघाडी एका गुणावर आली. ब्रॅडलीचा जीन मेल्किओर चेंडू घेऊन टोपलीकडे झेपावला. डॅम्ब्रॉटने त्याला रोखले, चेंडू हिसकावला आणि दूर धावत सुटलेल्या मॅगरकडे लांबवर फेकला. मॅगरने तो टोपलीत टाकला. ७१-६८. एकाच वर्षी दोन्ही विजेतेपदे. नंतर नियमच असे बदलले, की एका संघाला दोन्ही स्पर्धांत खेळणे शक्य राहिले नाही. त्यामुळे हा विक्रम आता कुणी मोडू शकेल, असेही नाही.

ज्या कॉलेजच्या मुलांकडे पुस्तकी किडे म्हणून पाहिले जाई, ज्यांच्या डाव्या विचारांबद्दल वर्तमानपत्रे संशयाने लिहीत, त्या कॉलेजच्या प्रांगणात हजारो विद्यार्थी जमले. त्या आनंदात केवळ खेळातला विजय नव्हता. आपणही या शहराचे, या देशाचे आहोत, याची ती ग्वाही होती. म्हणूनच पुढचा आघात इतका खोल गेला.

५

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहू. तिची सुरुवात विजेत्या संघाच्या कितीतरी आधी झालेली आहे.

१९३४ च्या डिसेंबरात नेड आयरिश या क्रीडापत्रकाराने मॅडिसन स्क्वेअर गार्डन भाड्याने घेऊन एका संध्याकाळी महाविद्यालयीन बास्केटबॉलचे दोन सामने लागोपाठ लावले. सोळा हजारांवर प्रेक्षक आले. मंदीचे दिवस होते. स्वस्तात दोन सामने पाहायला मिळत होते. कॉलेजच्या लहानशा व्यायामशाळेतून खेळ शहराच्या सर्वांत मोठ्या सभागृहात गेला. तिकिटांचे पैसे गार्डनला मिळू लागले, कॉलेजांना मिळू लागले, वर्तमानपत्रांचा खप वाढला. खेळणारी मुले मात्र हौशी खेळाडू होती. त्यांनी एक पैसाही घ्यायचा नव्हता.

याच सुमारास सट्ट्याची एक नवी पद्धत रूढ झाली. पूर्वी कोण जिंकेल यावर पैज लागे. आता किती गुणांनी जिंकेल यावर लागू लागली. समजा, बुकीने सिटी कॉलेज आठ गुणांनी जिंकेल असा अंदाज बांधला. तर कॉलेजवर पैसे लावणारा तेव्हाच जिंकणार, जेव्हा फरक आठाहून जास्त असेल. वरवर पाहता ही अगदी साधी अशी व्यापारी सोय. पण तिने भ्रष्टाचाराचे व्याकरण बदलले. आता लाच देणाऱ्याला खेळाडूकडे 'हर' असे म्हणण्याची गरज उरली नाही. 'जिंक, पण पाच गुणांनी जिंक', एवढेच म्हणायचे. खेळाडूला स्वतःची समजूत घालणे किती सोपे झाले असेल! कॉलेज जिंकते, मित्र आनंदी असतात, आपल्याला काही डॉलर मिळतात. यात नुकसान कुणाचे? तर अनोळखी जुगाऱ्यांचे. २००० साली हॅन्सी क्रोनिए प्रकरण उघडकीला आले, तेव्हा सामना न हरताही सामना विकता येतो, हे आपल्याकडच्या क्रिकेटरसिकांना कळले. न्यूयॉर्कच्या मुलांना ते अर्धशतक आधीच शिकवले गेले होते.

शिकवले गेले, हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. न्यूयॉर्कच्या उत्तरेस कॅटस्किल डोंगरात ज्यू मध्यमवर्गाची उन्हाळी हॉटेले होती. सुट्टीत कॉलेजचे खेळाडू तिथे वाढप्याचे किंवा सामान उचलण्याचे काम करीत आणि रात्री पाहुण्यांच्या करमणुकीसाठी बास्केटबॉल खेळत. दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील, यावर पाहुणे पैसे लावीत. आणि हवी ती बेरीज जमवून देण्याची युक्ती मुलांना तिथेच अवगत झाली. या हॉटेलांत बुकी येत, खेळाडू येत, प्रशिक्षक येत. लाँग आयलंड विद्यापीठाचा एडी गार्ड हा खेळाडू आणि साल्व्हातोरे सोलाझो हा जुगारी जवाहिऱ्या, यांच्यामार्फत पुढचे व्यवहार झाले. दर सामन्याला प्रत्येकी हजार-दीड हजार डॉलरपर्यंत रकमा दिल्या गेल्या. गुणफरकाचे आकडे छापील स्वरूपात सर्वांना उपलब्ध होते. म्हणजे सट्टा बेकायदेशीर होता, पण त्याची माहिती चव्हाट्यावर होती.

६

हे सारे उजेडात आले ते एका नकारामुळे. जानेवारी १९५१ मध्ये मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉग या कृष्णवर्णीय खेळाडूला एक हजार डॉलर देऊ करण्यात आले. केलॉगची आर्थिक स्थिती बेताचीच होती. त्याने ही गोष्ट आपल्या प्रशिक्षकांना सांगितली, तिथून ती पोलिसांकडे आणि जिल्हा सरकारी वकील फ्रँक होगन यांच्याकडे गेली. महिन्याभराने, फेब्रुवारीत, सिटी कॉलेजचा संघ फिलाडेल्फियात टेंपल विद्यापीठाला हरवून रात्रीच्या गाडीने परत येत होता. पेन स्टेशनवर उतरताच रोमन, वॉर्नर आणि रॉथ यांना ताब्यात घेण्यात आले.

उरलेल्या संघाची सारी आशा आता फ्लॉइड लेनवर होती. थोड्याच दिवसांत त्यालाही अटक झाली. त्याला तीन हजार डॉलर मिळाले होते. त्यातले २,८९० डॉलर पोलिसांना त्याच्या खोलीत, एका फुलझाडाच्या कुंडीत सापडले.

या कुंडीपाशी क्षणभर थांबले पाहिजे. लोभाने आंधळ्या झालेल्या माणसाचे हे चित्र नव्हे. पैसे घेतले, पण ते खर्च करण्याचे धैर्य झाले नाही. परत करण्याचेही झाले नाही. त्यात अपराध आहे, अपराधाची जाणीव आहे आणि त्या जाणिवेचे काय करायचे हे न कळणारे एक तरुण वय आहे. कुठल्याही कादंबरीकाराला ही प्रतिमा सुचली असती तर आपण तिचे कौतुक केले असते. इथे ती पोलिसांच्या जप्तीच्या कागदपत्रांत सापडते.

पुढे डॅम्ब्रॉट, मॅगर आणि कोहेन यांचीही नावे आली. मिसूरी, अ‍ॅरिझोना आणि बॉस्टन कॉलेज यांच्याविरुद्धचे १९५०-५१ च्या हंगामातले सामने विकले गेले होते. आदल्या, म्हणजे दुहेरी विजेतेपदाच्या हंगामातही काही सामन्यांत गुण राखून खेळल्याचे निष्पन्न झाले. गॅलिबर आणि वॉटकिन्स यांच्यावर कोणताही आरोप आला नाही. हे नमूद करणे आवश्यक आहे. कारण 'परिस्थितीच तशी होती' असे म्हणून सगळ्यांना सोडून देण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो. त्याच परिस्थितीत, त्याच संघात नाव न आलेलेही होते. गॅलिबर पुढे न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटचे दीर्घकाळ सदस्य होते.

७

तर मग दोष खेळाडूंचा होता, हे मान्यच आहे. प्रश्न असा, की तो फक्त त्यांचाच होता का? आणि शिक्षेची वाटणी दोषाच्या प्रमाणात झाली का?

नोव्हेंबर १९५१ मध्ये न्यायाधीश सॉल स्ट्राइट यांनी शिक्षा सुनावल्या. सोलाझोला आठ ते सोळा वर्षांचा कारावास झाला. बहुतेक खेळाडूंच्या शिक्षा स्थगित ठेवण्यात आल्या. जे प्रत्यक्ष तुरुंगात गेले, त्यांत सिटी कॉलेजचा वॉर्नर होता, सहा महिन्यांसाठी. आणि लाँग आयलंडचा शर्मन व्हाइट होता, वर्षभरासाठी. दोघेही कृष्णवर्णीय. एन.बी.ए.ने या सर्व खेळाडूंना कायमची बंदी घातली. मेल्किओर, ज्याच्याकडून डॅम्ब्रॉटने चेंडू हिसकावला होता, तोही या प्रकरणात सापडला. १९५१ च्या व्यावसायिक निवडीत त्याचे नाव पहिल्या क्रमांकावर पुकारले गेले होते, तो एन.बी.ए.चा एकही सामना खेळला नाही.

कॉलेजच्या कारभाराची चौकशी झाली, तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. काही खेळाडूंना प्रवेश देता यावा, म्हणून त्यांच्या शालेय गुणपत्रकांत फेरफार करण्यात आले होते. म्हणजे ज्या तत्त्वावर ही संस्था उभी होती, त्या तत्त्वालाच कुणीतरी आतून हात लावला होता. आणि हे काम खेळाडूंनी केलेले नव्हते. होल्मन यांना १९५२ मध्ये निलंबित करण्यात आले. त्यांनी लढा दिला आणि १९५४ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांच्या आदेशाने ते पुन्हा रुजू झाले. बॉबी सँड यांना मात्र पुन्हा कधी संघाला शिकवता आले नाही. होल्मन १९६० पर्यंत प्रशिक्षक होते, १९६४ मध्ये बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांची निवड झाली आणि १९९५ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

केंटकीची कथा तर आणखी बोलकी आहे. न्यूयॉर्कमधील अटकांनंतर, जुगारी आपल्या मुलांच्या जवळपासही फिरकू शकत नाहीत, अशी ग्वाही रप यांनी दिली होती. अनेकांना ते खरेही वाटले. हा रोग न्यूयॉर्कचा, मोठ्या शहराचा, ज्यू आणि काळ्या वस्त्यांचा, असे बोलले जातच होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केंटकीचे अ‍ॅलेक्स ग्रोझा, राल्फ बिअर्ड आणि डेल बार्नस्टेबल यांना अटक झाली. केंटकीचा १९५२-५३ चा हंगाम रद्द करण्यात आला. रप मात्र १९७२ पर्यंत आपल्या पदावर होते. एकूण प्रकरण सात महाविद्यालयांपर्यंत आणि तीसहून अधिक खेळाडूंपर्यंत पोहोचले. गार्डनमध्ये पुढेही सामने होत राहिले.

आणि पोलीस? १९५० मध्येच ब्रूकलीनचा हॅरी ग्रॉस हा बुकी पकडला गेला होता. धंदा बिनबोभाट चालावा, म्हणून तो पोलिसांना दरवर्षी सुमारे दहा लाख डॉलर पोहोचवीत असे, हे त्या चौकशीत उघड झाले. त्याच वर्षी महापौर विल्यम ओड्वायर यांनी राजीनामा दिला आणि ते मेक्सिकोत राजदूत म्हणून गेले. १९५१ च्या मार्चमध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीची गुन्हेगारीविषयक सुनावणी दूरचित्रवाणीवरून साऱ्या देशाने पाहिली. अशा या शहरात दोन-तीन हजार डॉलर कुंडीत पुरून ठेवणारी वीस-एकवीस वर्षांची मुले सर्वांत मोठे गुन्हेगार ठरली. कारण त्यांच्याकडून शहराने निष्पापपणाची अपेक्षा केली होती; इतर कुणाकडून ती केलीच नव्हती.

८

साहित्याने या प्रकरणाकडे कसे पाहिले? सिटी कॉलेजचेच माजी विद्यार्थी बर्नार्ड मॅलमड यांची पहिली कादंबरी 'द नॅचरल' १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती बेसबॉलची कादंबरी आहे आणि तिचे नाते त्या खेळातल्या जुन्या प्रकरणांशी आहे. तरीही सामना हरण्यासाठी पैसे घेणारा नायक नेमक्या त्याच सुमारास अवतरावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. जे न्यूगबोरेन यांच्या 'बिग मॅन' (१९६६) या कादंबरीचा नायक तर अशाच प्रकरणात बंदी आलेला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू आहे. तिथे कथा सुरू होते ती पतनानंतर. पतनानंतरही माणसाला जगावे लागते, रोज सकाळी उठून कामावर जावे लागते, हे शोकांतिकेच्या साच्यात बसत नाही. शोकांतिका पडदा पाडून मोकळी होते.

या खेळाडूंच्या आयुष्यावर पडदा पडला नाही. रोमन यांनी शिक्षण पुरे केले, ते मानसशास्त्राकडे वळले आणि शाळांमधून काम करीत राहिले. डॅम्ब्रॉट दंतवैद्य झाले. वॉर्नर यांच्या वाट्याला पुन्हा तुरुंग आला आणि नंतर एका मोटार अपघाताने आलेले अपंगत्व. २००२ मध्ये ते गेले. आणि ज्याने लाच नाकारली, त्या ज्युनियस केलॉगला १९५४ मध्ये झालेल्या मोटार अपघातात पक्षाघात झाला. त्याने उरलेल्या आयुष्यात चाकाच्या खुर्चीवरून खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉलचे प्रशिक्षण दिले. सद्‌गुणाचे फळ आणि दुर्गुणाची शिक्षा असा हिशेब मांडू पाहणाऱ्याची इथे पंचाईत होते. अ‍ॅरिस्टॉटलला हे ठाऊक होते. त्याच्या 'हॅमार्शिया'चा अर्थ 'पाप' असा नाही, 'नेम चुकणे' असा आहे. नेम चुकण्यात नेमबाजाची जबाबदारी असतेच. पण धनुष्य कुणी दिले, लक्ष्य कुणी हलवले, हेही विचारावे लागते.

फ्लॉइड लेन ब्राँक्समधल्या मुलांना खेळ शिकवू लागले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलांत नेट आर्चिबाल्ड हा पुढे एन.बी.ए.त गाजलेला खेळाडू होता. १९७४ साली सिटी कॉलेजने लेन यांना आपल्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून बोलावले आणि ते गेले. १९८८ पर्यंत त्यांनी तिथे शिकवले. ज्या कॉलेजच्या नावाला आपल्यामुळे काळिमा लागला असे सारे शहर म्हणत होते, त्याच कॉलेजच्या व्यायामशाळेत ते चौदा वर्षे उभे राहिले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

लेन परतले, तोवर संघ बदलला होता. प्रकरणानंतर कॉलेजने गार्डनकडे पाठ फिरवली होती आणि खेळाचे महत्त्व जाणीवपूर्वक कमी केले होते. आज तो संघ राष्ट्रीय स्पर्धांच्या तिसऱ्या श्रेणीत, शिष्यवृत्त्या न देणाऱ्या महाविद्यालयांबरोबर खेळतो. लेन परतल्यावर दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, शहर आर्थिक संकटात सापडलेले असताना, सिटी कॉलेजमधले मोफत शिक्षण बंद झाले. १८४७ चा तो कौल एकशे एकोणतीस वर्षांनी संपुष्टात आला. या घटनेला मात्र फारसे कुणी शोकांतिका म्हटले नाही. तिला नायक नव्हता, म्हणून तिला दोषही सापडला नाही. तो अंदाजपत्रकातला एक निर्णय होता.

माझ्या मते या संघाच्या इतिहासाचे मर्म इथे आहे. 'सिटी कॉलेजची शोकांतिका' हे शब्द गेली सत्तर-पंच्याहत्तर वर्षे सात मुलांच्या लोभासाठी वापरले जातात. त्यांचा लोभ खरा होता आणि त्यांनी आयुष्यभर त्याची किंमत मोजली. पण गुणपत्रकांतली खाडाखोड, गार्डनच्या तिकिटांचा हिशेब, बुकींकडून पोलिसांना जाणारी पाकिटे आणि अखेर फीची पावती, या गोष्टी त्या कथेच्या समासात राहिल्या. साहित्याच्या विद्यार्थ्याने समास वाचायला शिकले पाहिजे, असे आपण वर्गात नेहमी सांगतो. पुढच्या वर्षी सुधाकराचा दोष विचारला जाईल, तेव्हा दारू हे उत्तर चूक नसेल. फक्त त्यानंतर कुणीतरी सनदेविषयी विचारावे, एवढीच अपेक्षा.